सराटे, लहान चाकं आणि शहाणे लोक

"लहान चाकाची सायकल आपल्याकडे चालायची नाही. काटे लई." गेली चार वर्षं हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता ते कानावर आलं की मी समोरच्याला चहा पाजतो आणि वाद घालतो. बोलणारी सगळी माणसं चांगली आहेत. बँकेतले सहकारी, पंक्चरवाले, सायकल दुकानाचे मालक, सोयरेधायरे. पण वाक्य चुकीचं आहे, आणि ते इतक्या वेळा म्हटलं गेलंय की आता त्याची म्हण व्हायला आलीय. म्हणून आज जरा सविस्तर भांडणार आहे. ज्यांना सायकलीत रस नाही त्यांनी खुशाल सुट्टी घ्यावी, पुढच्या वेळी नेहमीसारखं काहीतरी लिहीन. (आत्या, तू मात्र शेवटपर्यंत वाच. तुझ्या नातीचा विषय आहे.)

आधी हे सांगतो की घडीची सायकल हे पुण्या-मुंबईच्या हौशी लोकांचं खूळ नाही. उलट ती आमच्याच जिल्ह्यासाठी बनवल्यासारखी आहे. धाराशिव जिल्हा हा फाट्यांचा जिल्हा आहे. एसटी हमरस्त्याने जाते आणि गाव आत तीन, चार, सहा किलोमीटरवर असतं. माझी शाखा तुळजापूर-नळदुर्ग रस्त्यावरच्या अशाच एका फाट्यापासून चार किलोमीटर आत आहे. फाट्यावर उतरलं की वडाप जीप भरेपर्यंत थांबा, नाहीतर कुणाच्या तरी मोटरसायकलला हात करा, नाहीतर चाला. काहीजण धाराशिवपासूनच मोटरसायकल काढतात, म्हणजे रोजचे जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटर. मी घडी केलेली सायकल एसटीत मागच्या बाजूला ठेवतो, फाट्यावर उघडतो आणि वीस मिनिटांत शाखेत असतो. रेल्वेने जाणाऱ्यांचंही तसंच. जुनी बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज आमच्या गावाला वळसा घालून येडशीवरून लातूरला जायची. धाराशिव शहराला रेल्वे मिळाली ती ब्रॉडगेज झाल्यावर, २००७-०८ मध्ये, आणि मिळाली तीही गावाबाहेर. स्टेशनावर उतरून घर गाठायचं म्हणजे पुन्हा रिक्षा आलीच.

तेव्हा सायकल सोयीची आहे की नाही हा वादच नाही. वाद फक्त चाकांचा आहे. तर चाकांबद्दल बोलू.

पहिला आरोप असा की चाक लहान असलं की पंक्चर जास्त होतं. हे अर्धवट खरं आहे आणि अर्धवट खरं उलटून लावायला जास्त बोलावं लागतं. आपल्या नेहमीच्या काळ्या सायकलीचं २८×१½ चाक एका किलोमीटरमध्ये साधारण ४४५ वेळा फिरतं. २०×१.७५ चाक फिरतं सुमारे ६४० वेळा. ब्रॉम्प्टनसारख्या १६ इंचीचं तर ७५० वेळा. लोक इथेच थांबतात आणि म्हणतात, बघा, जास्त फिरतं म्हणजे जास्त काटे! पण काटा चाक मोजत नाही. टायर जेवढं रुंद, तेवढ्या रुंदीची पट्टी रस्त्यावरून जाते. चाक मोठं असो की लहान, चार किलोमीटरची पट्टी चार किलोमीटरचीच. त्या पट्टीत जेवढे काटे पडलेत तेवढेच वाट्याला येतात. फरक पडतो तो नंतर. काटा पहिल्याच फेरीत आरपार गेला नाही तर तो रबरात अडकून बसतो, आणि मग प्रत्येक फेरीला रस्ता त्याच्या डोक्यावर हातोडा मारतो. मोठ्या चाकात किलोमीटरला ४४५ हातोडे, लहान चाकात ६४०. शिवाय लहान चाकाचं रबर त्याच हिशेबाने लवकर झिजतं. म्हणजे निष्कर्ष "लहान चाक घेऊ नका" असा निघत नाही. निष्कर्ष असा निघतो की लहान चाकाला मोठ्या चाकापेक्षा चांगलं टायर लागतं, आणि पोचल्यावर टायरवर नजर टाकून अडकलेले काटे काढून टाकायची सवय लागते. मी शाखेत पोचलो की हे करतो, एक मिनिट लागतं. आमचा शिपाई त्याला "साहेबांची आरती" म्हणतो.

आणि होतं काय, बरोबर उलटं! लहान चाकाला बाजारातलं सगळ्यात पातळ, सगळ्यात स्वस्त टायर बसवलेलं असतं, कारण ते 'पोरांचं' असतं. पातळ टायरात काटा शिरला की दोष चाकाच्या आकाराला. ही कसली पद्धत?

आता काट्यांकडे येतो. "काटे लई" म्हणणारे सगळे काटे एका माळेत ओवतात. आमच्या भागात तीन वेगवेगळे शत्रू आहेत आणि तिघांचा इलाज वेगळा आहे.

पहिला सराटा. संस्कृतात गोक्षुर, काढ्यात गोखरू. पावसाळ्यात जमिनीलगत पसरतो, पिवळी नाजूक फुलं येतात, कुणाला वाटणारही नाही हा असला असेल. फळ वाळलं की त्याचे पाच तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याला दोन दणकट काटे. कसाही पडला तरी एक काटा वर. दिवाळीच्या पुढे-मागे पायवाटा आणि रस्त्यांच्या कडा त्याने भरतात. हा अमेरिकेतही जाऊन पोचलाय आणि तिथे त्याचं नावच 'पंक्चरवेल' पडलंय. त्याला खाणारे भुंगे १९६१ मध्ये इटलीहून तिकडे नेऊन सोडले होते. आयडाहो राज्यातल्या बॉइझी शहरात २०१८ पासून सायकलवाले त्याच्या नावाने उत्सव भरवतात आणि त्यानिमित्ताने लोक पोतीच्या पोती सराटे उपटून आणतात. आपल्याकडे जत्रांना तोटा नाही, पण सराट्याची जत्रा काही अजून निघाली नाही.

सराट्याचा काटा जेमतेम अर्धा सेंटिमीटर. म्हणजे टायरात पाच मिलिमीटर जाडीचा चांगला थर असेल तर सराटा हरतो. जवळपास दर वेळी हरतो. हे मी पुस्तकातून सांगत नाही, आमच्या फाट्याच्या रस्त्यावरून सांगतोय.

दुसरी बाभूळ, आणि तिची परदेशातून आलेली नातलग वेडी बाभूळ. हिचा काटा दोन-चार सेंटिमीटर सहज असतो. शेताच्या बांधावर कुंपणाला लावलेल्या काट्या बैलगाडीबरोबर, शेळ्यांबरोबर रस्त्यावर येतात. वाळलेला बाभळीचा काटा सरळ उभा लागला तर जगातलं कुठलंही हवेचं टायर तुम्हाला शंभर टक्के वाचवणार नाही. जे विक्रेते 'पंक्चर होणारच नाही' म्हणतात त्यांना एकदा लोहाऱ्याच्या बाजूला बांधाच्या कडेने चालवत न्यावं. पण चांगल्या टायरमुळे तिरपे लागणारे, मोडके, अर्धवट कुजलेले काटे अडतात, आणि असेच काटे जास्त असतात.

तिसरा शत्रू कुणी मोजतच नाही. तारेचे तुकडे. ट्रकची टायरं फुटली की त्यातल्या पोलादी दोऱ्यांचे केसाएवढे तुकडे हमरस्त्याच्या कडेला पडतात. सोलापूर-धुळे रस्ता असो की हैदराबादचा, साइडपट्टीवर हे असतातच. दिसत नाहीत, हाताला लागतात. अशा तारेने हवा इतकी हळू जाते की माणूस म्हणतो व्हॉल्व्ह गळतोय. त्यात ऊसतोडीच्या दिवसांत बैलांच्या पत्र्यांचे खिळे. तेव्हा पंक्चर झालं म्हणजे काटाच, हे आधी डोक्यातून काढा.

खरं तर बरीचशी पंक्चरं रस्त्याची नसतातच. ट्यूब पाण्यात बुडवून भोक कुठे आहे ते नीट बघितलं तर कळतं. शेजारी-शेजारी दोन भोकं, साप चावल्यासारखी, म्हणजे हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिमवर चेचली गेली. भोक आतल्या बाजूला, म्हणजे आऱ्याचं टोक वर आलंय किंवा रिमवरची पट्टी सरकलीय. व्हॉल्व्हच्या बुडाशी फाटलीय, म्हणजे हवा कमी असताना टायर सरकलं. या तिन्ही गोष्टींत काट्याचा काय संबंध? पण पंक्चरवाला सोल्यूशन लावून (आमच्याकडे त्याला सुलोचन म्हणतात, माझी बायको पहिल्यांदा ऐकून दचकली होती) ठिगळ चिकटवतो, दहा मिनिटांत काम संपतं, आणि कारण विचारलं की उत्तर ठरलेलं, "काटा होता साहेब." काटा दाखवा म्हटलं की मग, "निघून गेला असंल." असो.

लहान ट्यूबमध्ये हवाच मुळात थोडी असते. तेवढीच गळती झाली तरी तिचा दाब लवकर उतरतो. आठवड्यातून एकदा हवा बघणं मोठ्या सायकलीला ऐच्छिक असेल, लहानीला सक्तीचं आहे. आणि अंगठ्याने दाबून "बास बास" हे बघणं नव्हे. टायरच्या कडेला दाबाचा आकडा छापलेला असतो. अॅलेक्स मोल्टन नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १९६२ मध्ये लहान चाकाची सायकल प्रौढांसाठी म्हणून पहिल्यांदा गाजवली, तेव्हा त्याने दोन गोष्टी धरून ठेवल्या. टायरात दाब जास्त आणि धक्के खायला स्प्रिंग. तो विमानांच्या आणि मोटारींच्या कारखान्यांत शिकलेला माणूस होता. साठ वर्षांनंतर आपण लहान चाकात पोरांच्या फुग्याएवढी हवा भरतो आणि चाकाला नावं ठेवतो.

आता शहाण्या लोकांकडे वळतो. यांचा एकच सल्ला असतो, आणि तो फोनवरून येतो. "अरे, सॉलिड टायर टाक की! हवाच नको, पंक्चरच नको." आमचा पुण्याचा दादा यात आघाडीवर आहे (तो हे वाचतो, म्हणून नाव घेत नाही).

दादा, ऐक. १८८७-८८ साली बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप नावाचा गुरांचा डॉक्टर राहायचा. त्याच्या पोराच्या तीनचाकी सायकलला सॉलिड रबराची चाकं होती आणि दगडी रस्त्यावर ती आपटायची. म्हणून त्याने रबराची नळी करून तीत हवा भरली आणि चाकाला गुंडाळली. त्याच्या आधी चाळीसेक वर्षं थॉमसन नावाच्या स्कॉटिश माणसाने असलंच पेटंट घेतलं होतं, पण ते मागे पडलं. जग बदललं ते डनलॉपपासून. म्हणजे बघ, हवेचं टायर जगात रुजलं तेच लहान चाकासाठी आणि लहान मुलासाठी. आणि तू मला १८८७ च्या मागे पाठवतोयस.

सॉलिड टायर वाईटच असतं असं नाही. चीनच्या मोबाइकने २०१६ मध्ये भाड्याच्या सायकली आणल्या त्यांना बिनहवेची टायरं होती, आणि त्यांचा हिशेब बरोबर होता. त्यात सायकल चालवणारा एक आणि पंक्चरचा खर्च सोसणारा दुसरा. हाडं गिऱ्हाइकाची, पैसे कंपनीचे. माझ्या बाबतीत दोन्ही माझेच आहेत. फाट्यापासून गावापर्यंतचा रस्ता डांबरी म्हणून नोंदलेला आहे, एवढंच त्याच्याबद्दल सांगतो. लहान चाक खड्ड्यात मोठ्यापेक्षा खोल उतरतं, तो धक्का हवेने खाल्ला नाही तर आरे सैल होतात, आणि घडीच्या सायकलीत बिजागरीवर येतो. बिजागरी ही त्या सायकलीची मान आहे. शिवाय सॉलिड टायर रिमच्या मापाला नेमकं लागतं, बसवायला जोर आणि हत्यारं लागतात, आणि एकदा ढिलं झालं की नळदुर्गच्या बाजारात त्याला कोण हात लावणार? ट्यूब पंक्चर झाली तर जिल्ह्यातल्या प्रत्येक फाट्यावर पाण्याचं घमेलं घेऊन बसलेला एक माणूस आहे. ही केवढी मोठी व्यवस्था आहे! ती सोडून मी ज्याची दुरुस्तीच होत नाही अशी वस्तू का घेऊ?

दुसरा सल्ला म्हणजे ट्यूबमध्ये ओतायचा चिकट द्रव. हा उपयोगी आहे, विशेषतः बाभळीसाठी. काटा गेला की भोकात तो द्रव येऊन बसतो, छोटं भोक बुजतं. पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात चाळिशीच्या पुढच्या पाऱ्यात रबराच्या चिकाचा द्रव आत वाळून जातो, म्हणून दर काही महिन्यांनी भर घालावी लागते. आणि एकदा का ट्यूब आतून बरबटली की तिच्यावर ठिगळ धड बसत नाही, पंक्चरवाला वैतागतो. माझं मत असं की हा द्रव म्हणजे दुसरी फळी आहे. पहिली फळी टायरच.

टायर घ्यायचं तर माप कळलं पाहिजे, आणि इथे दुकानदारांशी माझं खरं भांडण आहे. "वीस इंची द्या" म्हटलं की वीस इंची हातात पडतं. पण वीस इंची हे माप नाही, आडनाव आहे. २०×१.७५ लिहिलेलं टायर ज्या रिमवर बसतं तिचा व्यास ४०६ मिलिमीटर. २०×१⅜ चं ४५१. आणि खरी गंमत म्हणजे २०×१¾ चं ४१९. गणिताच्या मास्तरांनी छातीवर हात ठेवावा, कारण पाऊण आणि पॉइंट पंचाहत्तर इथे सारखे नाहीत! शेल्डन ब्राउन नावाचा बोस्टनजवळचा एक मेकॅनिक २००८ मध्ये वारला, त्याने हा गोंधळ जगाला आयुष्यभर समजावून सांगितला: एक माप अपूर्णांकात आणि दुसरं दशांशात असेल तर किंमत सारखी दिसली तरी ती टायरं एकमेकांच्या जागी लागत नाहीत. सोळा इंचीतही तेच. पोरांच्या सायकलीचं १६×१.७५ म्हणजे ३०५ आणि ब्रॉम्प्टनचं १६×१⅜ म्हणजे ३४९. चव्वेचाळीस मिलिमीटरचा फरक, आणि दुकानात दोन्ही 'सोळा'. म्हणून जुन्या टायरच्या कडेला बारीक अक्षरात ४७-४०६ असा आकडा शोधा. पहिला रुंदी, दुसरा रिम. तोच वहीत लिहून दुकानात जा. डेकॅथलॉनची वीस इंची घडीची सायकल असो, डाहॉन असो की पोराची साधी सायकल, बहुतेकांचं उत्तर ४०६ येतं.

चांगलं टायर म्हणजे कोणतं? दोन जाती आहेत. एकीत रबराखाली केवलारसारख्या धाग्याचा विणलेला पट्टा असतो. (केवलारचा शोध ड्यूपाँमधल्या स्टेफनी क्वोलेक या बाईंनी १९६५ मध्ये लावला, आणि तेव्हा शोधच चालला होता टायरसाठी हलक्या, मजबूत धाग्याचा. पुढे तो बंदुकीच्या गोळ्या अडवणाऱ्या जाकिटात गेला म्हणून प्रसिद्ध झाला.) हा पट्टा काच, खडी, तार बऱ्यापैकी अडवतो, पण टोकदार काटा कधीकधी धाग्यांच्या मधून वाट काढतो. दुसऱ्या जातीत जाड लवचीक रबराचा थर असतो. जर्मन श्वाल्बेच्या मॅरेथॉन प्लसमध्ये तो पाच मिलिमीटर आहे, आणि ते टायर ४०६, ३४९ आणि ३०५ या तिन्ही मापांत निघतं. काच फुटलेल्या युरोपी रस्त्यांसाठी लिहिलेली परीक्षणं वाचून पहिली जात घेऊ नका. आपला शत्रू काटा आहे, आपल्याला जाडी हवी.

त्याची किंमत मोजावी लागते, दोन्ही अर्थांनी. असं एक टायर पाऊण किलोच्या आसपास भरतं आणि लहान चाकात जाड थर दर फेरीला जास्त वाकतो, म्हणून सायकल थोडी जड चालते. तुळजापूरचा घाट चढायचा असेल तर जाणवेल. मला चार किलोमीटर जायचंय. आणि पैसे... असली दोन टायरं घेतली की तेवढ्यात पोराची नवी सायकल येते. हे मला मान्य आहे आणि इथेच आत्याच्या नातीचा विषय येतो.

ती पाचवीत आहे. शाळा तीन किलोमीटर. सायकल वीस इंची, गुलाबी, समोर टोपली. दिवाळीनंतर ती सायकल भिंतीला लागली ती लागलीच, कारण दर आठवड्याला पंक्चर आणि पंक्चरवाला शाळेच्याही पलीकडे. पोरगी चालत जाते, सकाळी पाऊण तास, संध्याकाळी पाऊण तास. भाऊजी म्हणाले, "दोन वर्षांत मोठी सायकल घ्यायचीच आहे, याच्यावर कशाला खर्च?" हा हिशेब घरोघरी चालतो. प्रत्येक गल्लीत एक तरी अशी हवा गेलेली लहान सायकल दिसते. दोन वर्षं हा पाचवीतल्या पोरीच्या आयुष्यातला किती मोठा भाग आहे, हा हिशेब कुणी करत नाही. आणि मुलींच्या बाबतीत चालणं वाढलं की पुढचं वाक्य काय असतं तेही आपल्याला माहीत आहे. "एकटी कशाला पाठवता एवढ्या लांब?"

तिच्यासाठी जर्मन टायरची गरज नाही, आत्या. साधं नवं पण जाड नक्षीचं टायर घ्या. मोटरसायकलची जुनी ट्यूब पंक्चरवाल्याकडे फुकट मिळते. व्हॉल्व्हचा भाग कापून टाका, ट्यूब लांबीने उभी चिरा, टायरच्या रुंदीएवढी पट्टी कापा आणि टायरच्या आत, ट्यूबच्या बाहेर, गोल बसवा. दोन टोकं एकमेकांवर बोटभर येऊ द्या आणि त्यांच्या कडा कानशीने किंवा दगडावर घासून पातळ करा, नाहीतर तीच कड ट्यूबला घासून भोक पाडते. (बाजारात मिळणाऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांनाही हाच नियम. त्या मोठ्या चाकाच्या लांबीच्या असतात, लहान चाकात तशाच कोंबल्या की पंक्चर पट्टीच करते.) थोडी पावडर टाका. सायकल किंचित जड होईल, पण सराटा बहुतेक वेळा तिथेच थांबेल. मागच्या महिन्यात मी येऊन मागचं चाक असं करून गेलोय, पुढचं राहिलंय. तेवढं भाऊजींना करायला सांग, मी विचारणार आहे.

जाड टायर बसवताना आमच्याकडचे मेकॅनिक घाबरतात, कारण लहान रिमवर ते खरंच अवघड जातं. घेर लहान म्हणून ताण द्यायला जागाच नाही. ३४९ तर हट्टी आहे. मग काय होतं, पठ्ठ्या दोन मोठे पान्हे घेतो, शेवटचा भाग उचकटून आत ढकलतो आणि नवी ट्यूब टायर आणि रिमच्या मध्ये चिमटून फाडतो. "माल खराब आहे साहेब." माल खराब नसतो.

टायर आधी अर्धा तास उन्हात ठेवा, आपल्याकडे ऊन फुकट आहे. रिमवरची पट्टी आऱ्यांची सगळी टोकं झाकतेय का बघा. ट्यूबमध्ये फुंकरीएवढी हवा, म्हणजे ती गोल राहील. एक बाजू पूर्ण चढवा, ट्यूब आत घाला, दुसरी बाजू व्हॉल्व्हच्या बरोबर समोरून सुरू करा आणि दोन्ही हातांनी व्हॉल्व्हकडे या. सगळी किल्ली इथे आहे. रिमच्या मधोमध एक खोलगट खोबण असते. टायरच्या चढलेल्या कडा बोटांनी चिमटून त्या खोबणीत उतरवत आलं की शेवटी लागणारी दोन-तीन सेंटिमीटर ढील मिळते. व्हॉल्व्हपासून सुरू केलं तर तिथे कडा खोबणीत उतरूच शकत नाही आणि मग माणूस पान्हे शोधतो. शेवटच्या वितीला साबणाचं पाणी लावा, तळहाताच्या टाचेने ढकला. चढलं की व्हॉल्व्ह एकदा आत ढकलून बाहेर ओढा, चाक फिरवून कुठे ट्यूब डोकावतेय का बघा आणि मगच हवा. बाण काढलेला असेल तर चाक त्या दिशेने. मडगार्डला घासतंय का तेही बघा, कारण जाड टायर उंचही असतं.

ट्यूब घेताना मोटरसायकलसारख्या व्हॉल्व्हची घ्या. पेट्रोल पंपावर, गॅरेजात, कुठेही हवा भरता येते. फक्त कॉम्प्रेसरवर पोराला भरू देऊ नका, लहान ट्यूब चार सेकंदांत भरते आणि सहाव्या सेकंदाला फुटते.

राहिला बाजार. लुधियानात आणि हैदराबादेत सायकलची टायरं बनतात, परदेशातही जातात. जाड थर घातलेलं ४०६ मापाचं टायर करणं त्यांना अवघड नाही. पण मी आमच्या भागातल्या पाच दुकानांत विचारलं तेव्हा पाचही ठिकाणी उत्तर एकच, "त्याला मागणी नाही." मागणी कशी असेल? गिऱ्हाईक विचारत नाही कारण त्याला ठाऊकच नाही, दुकानदार ठेवत नाही कारण गिऱ्हाईक विचारत नाही, आणि दोघं मिळून म्हणतात लहान चाक आपल्याकडे चालत नाही. एका दुकानदाराने मला वर विचारलं, "साहेब, बँकेत नोकरी असून हे खेळणं घेऊन काय फिरायलाव?" त्याला सांगितलं, तुमच्या दुकानातल्या निम्म्या सायकली याच मापाच्या आहेत, तुम्ही त्या खेळणी म्हणून विकता म्हणून त्यांची खेळणी होतात. तो हसला. पण वहीत ४०६ लिहून घेतलं त्याने, मी समोर उभा राहून लिहायला लावलं. तुमच्यापैकी कळंब, भूम, परंडा, उमरगा, कुठेही कुणी असेल तर आपापल्या दुकानात जाऊन एवढंच विचारा: "४०६ मध्ये जाड थराचं आहे का?" नसलं तरी विचारा. दहा जणांनी विचारलं की अकराव्याला ते मिळायची शक्यता आहे.

तोवर दादा, तू पाडव्याला येतोयस ना? येताना पुण्याहून दोन घेऊन ये. ४७-४०६. कडेवरचा आकडा वाचून घे, दुकानदाराने वीस इंची म्हटलं म्हणून घेऊ नकोस. आणि सॉलिड आणलंस तर एसटी स्टँडवरून परत पाठवीन. :)